खालची सही

(बडोदे, मार्च १९९९. फतेगंजमधलं एक घर, शुक्रवारची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर दहा ट्रॅव्हलर्स चेक ओळीने मांडलेले.)

मोहना : आबा, ही खालची सही कुणी करायला सांगितली?

गोविंदराव : कुणी म्हणजे? मीच. प्रत्येक चेकावर दोन रेघा छापल्यात, वर एक, खाली एक. दहा चेक, वीस सह्या. एकही जागा रिकामी नाही. सासऱ्याचं काम आहे, तपासून बघ.

मोहना : तेच बघतेय.

मंदा : वाकडी झालीय का वहिनी? सातव्या चेकावर काना जरा तिरपा गेला. आबासाहेब म्हणाले, चालतो.

मोहना : सही सुंदर आहे, मंदामावशी. तीच तर पंचाईत आहे. काल आमच्या ऑफिसात, परदेशी पैशांच्या काउंटरवर तुम्हाला काय सांगितलं होतं?

मंदा : तुम्ही काल अहमदाबादला गेलेल्या. तुमच्या जागेवर ती दुसरी बेन होती. ती म्हणाली, उपर सही करो, नीचे पछी. मग वर तिथेच केली. आणि खालची नंतर, इथे घरी येऊन. दुपारभर बसले होते. आबासाहेबांनी दोनदा चहा केला.

मोहना : नंतर म्हणजे घरी नाही हो. नंतर म्हणजे तिकडे इंग्लंडात, लेस्टरला. बँकेतल्या बाईच्या डोळ्यांसमोर. ती वरची सही बघते, खालची होताना बघते, दोन्ही जुळल्या की पैसे हातात देते. चेक हरवला तर कंपनी भरून देते, तेसुद्धा खालची जागा कोरी असेल तरच. ते कुलूप आहे. तुम्ही कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवलीत.

मंदा : म्हणजे हे चोरानं उचलले तर त्याचे?

मोहना : जवळजवळ. आणि तुम्ही नेलेत तर बँकेतली बाई म्हणेल, ही सही माझ्यासमोर झाली नाही, मी देत नाही.

मंदा : चोराला चालतील आणि मला चालणार नाहीत. भारी कागद आहे. आबासाहेब, काहीतरी बोला.

गोविंदराव : छत्तीस वर्षं मी दप्तर सांभाळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईच्या अर्जात एक रकाना मोकळा राहिला. लहानसा, बोटभर. दोन दिवसांनी त्यात कुणाचं तरी नाव होतं. बाईचं शेत गेलं. त्यानंतर माझ्या हाताखालून मोकळा रकाना गेला नाही. जिथे लिहायला काही नसेल तिथे मी रेघ मारायचो.

मोहना : हे चेक छापणाऱ्याला तुम्ही माहीत नव्हतात, आबा.

गोविंदराव : थट्टा नको. चूक माझी आहे. मंदा, तुझे किती गेले, चौदा हजार? सोमवारी पेन्शनच्या खात्यातून काढून देतो.

मंदा : सोमवारी मी तिकडे असेन. उद्या संध्याकाळची मुंबईची गाडी आहे, परवा विमान. आणि आज दिलेत तरी मी घेणार नाही.

गोविंदराव : का?

मंदा : तुमचे घेतले तर ते तुमचे. मला माझे पाहिजेत. सातशेची भिशी, वीस बायका. माझा नंबर सोळावा लागला. सोळा महिने मी सकाळी पाचला कोयलीहून निघून दोन घरची बाळं न्हाऊ घातलीत, त्याचे आहेत ते.

मोहना : मावशी, एक विचारू? रागावू नका. तिकीट हंसाबेनचं. राहायला, जेवायला त्यांच्या लेकीकडे, कोमलकडे. चाळीस दिवसांचे पैसे परत आल्यावर त्या देणारच आहेत. मग तिकडे हातात एवढे कशाला? दोन-चार पौंड कोमल देईल की.

मंदा : देईल. कोमल गुणाची आहे. ती एवढीशी, पावासारखी होती तेव्हा तिला ह्या पायांवर पालथी घातलीय मी. आता तिची सुवावड, बाळंतपण. हंसाबेनचे गुडघे कामातून गेले म्हणून मला पाठवतात. त्या पण हेच म्हणाल्या, मंदाबेन, तिथे तारे पैसानुं शुं काम. म्हणाल्या, फार वाटत असेल तर रुपये इथे माझ्याकडे ठेव, जावई तिथे पौंड देईल, बँकेपेक्षा दोन रुपये स्वस्त.

गोविंदराव : तो बेकायदा व्यवहार आहे.

मंदा : कायदा तुम्ही बघा, आबासाहेब. मी हात बघते. देणारा हात चांगला असला तरी तो दुसऱ्याच्या खांद्याला असतो. दर वेळी जाऊन उभं राहायचं, बेटा, पाच पौंड दे ने. तो विचारणार, कशाला मावशी? वाईट म्हणून नाही विचारणार. पण विचारणार. आणि मग मी म्हणणार, जाऊ दे.

मोहना : हं.

मंदा : दुर्गा तुम्हाला ठाऊक आहे ना? माझी जाऊ.

मोहना : तीन वर्षांपूर्वी नैरोबीला गेल्या होत्या, त्या?

मंदा : तीच. जुळ्यांची सुवावड होती. लोक चांगले. खायला घालायचे, साडी घेतली. पण सकाळी दोघं कामाला जायची, फोनला बारकं कुलूप. ते काही हिच्यासाठी नव्हतं, नोकरमाणसं परगावी फोन लावतात म्हणून. कोपऱ्यावर पब्लिक फोन होता. हिच्याकडे नाणं नव्हतं. मागायची लाज वाटली. आज मागू, उद्या मागू. इकडे तिचे वडील गेले. पत्र पोचलं एकोणिसाव्या दिवशी. तोवर तेरावं पण होऊन गेलं.

गोविंदराव : हे मला कधी सांगितलं नाहीस.

मंदा : तिनेच कुणाला सांगितलं नाही. परत आली, विमानातली पिशवी माळ्यावर टाकली आणि दळण घेऊन बसली. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मंदे, एका नाण्याची गोष्ट होती ग. एवढंच. तेव्हा मी ठरवलं की मी जाईन तर माझ्या मुठीत माझं नाणं घेऊन जाईन. हे घरी दम्यानं बेजार असतात, रिफायनरीच्या वाऱ्यात वीस वर्षं काढलीत. मला फोन करायचा असेल तर तो मी करणार. कुणाला विचारून करायचा नाहीये.

मोहना : ठीक आहे. मग आता सरळ ऐका. उद्या आमचं ऑफिस नऊला उघडतं, एकला बंद. पासपोर्ट घेऊन नऊलाच या. हे चेक आम्हीच विकलेत, तेव्हा आम्हीच परत घेऊ शकतो. मॅनेजरसमोर प्रत्येक चेकाच्या पाठीवर तुम्ही पुन्हा सही करायची. जुळली तर ते घेतील, आणि त्याच पैशांत नवे देतील.

गोविंदराव : म्हणजे नुकसान काही नाही.

मोहना : आहे. विकताना पौंड सत्तरचा, परत घेताना सव्वाअडुसष्टचा. दोनशे पौंडांचे तेरा हजार सहाशे पन्नास येतील. त्यात पुन्हा सत्तरने एकशे पंच्याण्णव पौंड बसतात. पाच पौंड गेले. साडेतीनशे रुपये.

मंदा : बाळांच्या सात आंघोळी.

गोविंदराव : ते साडेतीनशे मात्र मी देणार. ह्यावर वाद नको.

मंदा : तीन आठवडे रोज तासभर मला सही शिकवलीत. आधी पाटीवर, मग वहीवर, मग बॉलपेनानं. त्याची फी तुम्ही काय घेतली?

गोविंदराव : फी कसली?

मंदा : मग हीच. साडेतीनशे. फिटली.

मोहना : आबा, तुम्ही हरलात.

गोविंदराव : मला दिसतंय.

मोहना : आणि उलट बघा, मावशी. वीसचे नऊ चेक घेऊ. उरलेले पंधरा पौंड रोख, एक दहाची नोट, एक पाचची. नाहीतरी तुम्हाला उतरल्या उतरल्या सुटे लागतीलच, आणि विमानतळावर चेक मोडला तर तिथे सगळ्यात जास्त कातर लागते. कालच्या बेनने तुम्हाला रोख द्यायला हवे होते. मी असते तर दिले असते.

मंदा : चालशे. पण मॅनेजरसमोर सही...

मोहना : काय?

मंदा : इथे आबासाहेबांसमोर येते. काल काउंटरवर वरची करताना हात असा थरथरत होता की त्या बेननं पंखा बंद केला. तिला वाटलं कागद हलतोय. उद्या सूटवाला साहेब बघत बसणार. दहा वेळा. आणि मग तिकडे ती मडम.

गोविंदराव : सराव करू. आत्ता बस. वही आण.

मंदा : सरावानं नाही होत ते. हात भितो, अक्षर नाही.

मोहना : मला सांगा, आमच्या लेकीला तुम्ही न्हाऊ घालायचात, चार दिवसांची होती. निसटणारा जीव, अंगभर तेल, कढत पाणी. मी दारातून बघताना थरथरायचे. तुमचा हात कधी हलला नाही. कसा?

मंदा : ते वेगळं. तिथे मी गाते ना.

मोहना : काय गाता?

मंदा : तुम्ही ऐकलंय की. आईची ओवी.
ऊन ऊन पाणी, माझ्या कोपरानं जोखलं
लोकाचं तान्हं बाई, माझ्या मांडीनं राखलं.
एका ओळीला तेल, एका ओळीला पाणी. गाणं चालू असलं की हात त्याच्या मागे चालतो, त्याला भ्यायला वेळ नसतो.

मोहना : मग सही करताना गा.

मंदा : तुमच्या ऑफिसात? ते लोक काढतील मला बाहेर.

मोहना : मनात गा. नाहीतर पुटपुटा. तिकडे तर कुणाला कळणारही नाही काय म्हणताय.

गोविंदराव : थांब. मंदा, किती अक्षरं आहेत तुझ्या सहीत? मंदा हिंमतराव शेलार. पहिली ओळ संपेपर्यंत हिंमतरावपर्यंत पोचशील. दुसरीत आडनाव. करून बघ. ह्या वर्तमानपत्राच्या कडेला.

मंदा : ऊन ऊन पाणी... आबासाहेब, तुम्ही मान नका हलवू, मला हसू येतं.

गोविंदराव : हलवत नाही. लिही.

मंदा : ...मांडीनं राखलं. झाली.

मोहना : दाखवा. ही तर सातव्या चेकापेक्षा सरळ आहे.

गोविंदराव : पुन्हा कर. दहा वेळा.

मोहना : आणि आबा, तुमचंही एक काम आहे. मॅनेजर विचारणार, खालच्या सह्या आधीच का केल्या. असे चेक ते सहजी परत घेत नाहीत. कारण लेखी लागेल. कुणाच्या सांगण्यावरून झालं ते.

गोविंदराव : अर्ज.

मोहना : मी लिहिते हवं तर. 'गैरसमजातून' म्हणून.

गोविंदराव : गैरसमजातून हा शब्द मी आयुष्यभर लोकांच्या अर्जांत लाल शाईनं खोडला. कुणाचा गैरसमज, ते लिहावं लागतं. कागद दे. 'सविनय अर्ज ऐसा की, सदर चेकांवरील खालच्या सह्या अर्जदार बाईंनी माझ्या सांगण्यावरून केल्या. त्यांची चूक नाही. नियम न वाचता सल्ला दिला, ही चूक माझी.' खाली माझं नाव, आणि सेवानिवृत्त दप्तरदार हेही.

मोहना : हुद्दा नाही लिहिला तरी चालेल, आबा.

गोविंदराव : चूक हुद्द्यानंच केली आहे. हुद्दा हवा.

* * *

मोहना : झालं, मावशी. इकडे बाकावर बसा, दोघंही. साहेबांनी दहाही घेतले. नववा दोनदा भिंगातून बघितला.

मंदा : मला घामानं पदर चिकटलाय. दिले ना पण?

मोहना : दिले. हे नऊ चेक. ही पंधराची रोख. पासपोर्टवर शिक्का झाला. कमिशन पुन्हा लावलं नाही, आबांचा अर्ज वाचून म्हणाले, असा अर्ज मी पहिल्यांदा बघतोय.

गोविंदराव : त्यांनी तो फाईलला लावला का?

मोहना : लावला.

गोविंदराव : मग ठीक.

मोहना : आता माझं ऐका. नंबरांचा हा कागद वेगळ्या पिशवीत, चेकांबरोबर कधीच नाही. रस्त्यावर पैसे बदलून देतो अशा पाट्या लावलेली दुकानं दिसतील, तिथे जायचं नाही. चेकावर ज्या बँकेचं नाव छापलंय, तिच्याच शाखेत जायचं, तिथे काही कापत नाहीत. पौंडाचे चेक, पौंडच मिळणार. दुसरीकडे जावंच लागलं तर ते दर खेपेला कापतात, म्हणून एकदम दोन-तीन चेक न्यायचे, एकेक नाही.

मंदा : भाजीला जाते तशी. रोज पाव किलो आणली की महाग.

मोहना : तस्सं.

गोविंदराव : मोहना, ह्या वरच्या सह्या तिने केल्या?

मोहना : माझ्यासमोर.

गोविंदराव : आणि खाली...

मोहना : खाली काही नाही, आबा.

गोविंदराव : नऊ जागा मोकळ्या.

मंदा : पेन खिशात ठेवा, आबासाहेब. तुमचा हात खिशाकडे चाललाय, मी बघतेय.

गोविंदराव : सवय आहे.

मंदा : ती माझी जागा आहे. मीच तिकडे जाऊन भरीन. तोवर तुम्हाला झोप लागेल ना?

गोविंदराव : प्रयत्न करीन.

* * *

गोविंदराव : हॅलो. हॅलो, कोण? आवाज लांबून येतोय.

मंदा : लांबच आहे ना मी. आबासाहेब, मंदा. लेस्टरवरून.

गोविंदराव : मंदा. थांब, मोहना ऑफिसात आहे. साडेतीन वाजलेत इथे. सगळं ठीक? कोमल? बाळ?

मंदा : दोघं झोपलीत. मुलगा आहे, मांड्या अशा भरल्यात. पाणी इथे नळातनंच ऊन येतं, तरी मी कोपर लावते. कोमल हसते. म्हणते, मावशी, नळावर आकडा लिहिलाय. मी म्हटलं, आकडा तुझ्यासाठी.

गोविंदराव : हिंमतराव बरे आहेत. परवा येऊन गेले. औषध घेतात, मी पुडकं बघितलं. त्यांना निरोप द्यायचा आहे का?

मंदा : नको, त्यांना मी रविवारी केला होता, कोयलीच्या नाक्यावरच्या पीसीओत. बोलले दोन मिनिटं. निम्मा वेळ विचारत होते, किती पडले, किती पडले.

गोविंदराव : हा फोन कोमलच्या घरून का?

मंदा : नाही. कोपऱ्यावर लाल डबी आहे, काचेची. आत उभी आहे. बाहेर थंडी एवढी की कोमलचा कोट घातलाय, गुडघ्याखाली येतो.

गोविंदराव : मग तू बँकेत जाऊन आलीस.

मंदा : दोनदा. पहिल्यांदा वाटेत एक दुकान लागलं, आपला गुजरातीच होता, म्हणाला, इथेच दे ने बेन, लांब कशाला जाता. विचारलं काय कापणार. तीन पौंड म्हणाला. मी म्हटलं जय श्रीकृष्ण, आणि चालत राहिले. पाऊण तास. बँक सापडली, नाव जुळवून बघितलं, एकेक अक्षर. तीन चेक दिले. तिथे पेन साखळीला बांधलेलं असतं, तुम्हाला आवडलं असतं.

गोविंदराव : आणि सही?

मंदा : केली ना. पुटपुटत केली. काचेमागची पोरगी आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली, मग हाताकडे. काहीतरी म्हणाली, मला समजलं नाही. पण हसून म्हणाली. साठ पौंड मोजून दिले, एक पेनी कापली नाही. परवा गेले तर मला बघून तीच पुढे झाली, आणि पेन माझ्याकडे करून थांबली. गाण्यासाठी थांबली, आबासाहेब.

गोविंदराव : हं. किती चेक राहिले?

मंदा : चार. कोरे आहेत. तुम्हाला झोप लागते ना?

गोविंदराव : हल्ली लागते. मंदा, नाणी जपून. हे टुक टुक काय वाजतंय?

मंदा : नाणं संपत आलं की वाजतं. थांबा, अजून एक टाकते. हं. टाकलं.

गोविंदराव : बरं, मग काम काय होतं ते सांग. लिहून घेतो, मोहनाला देतो.

मंदा : काम काही नाही, आबासाहेब. काम नसताना एकदा करून बघायचा होता.